हॅकरच्या डावात बाकीच्यांनी काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला टेबलावरच्या भूमिका-खेळांवरचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायच्या खेळांवरचा, लेख आवडला. मात्र हॅकिंगचे नियम जितके खऱ्यासारखे तितका खेळ रंगतो, हे लेखकाचं म्हणणं मला पटत नाही. मी बावीस वर्षं कंपन्यांची नेटवर्क सांभाळली. खरं काम म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी (लॉग) चाळणं आणि वाट बघणं. ते जसंच्या तसं टेबलावर आणलं तर भिडू कंटाळून उठतील.

दर शनिवारी माझ्याकडे पाच जण खेळायला जमतात. सुरुवात आम्ही १९९० सालच्या ‘सायबरपंक २०२०’ने केली. त्यातला हॅकर, म्हणजे नेटरनर, लांब बसून दुसऱ्या शहरातल्या संगणकात शिरू शकतो आणि त्याचा डाव वेगळ्याच नकाशावर चालतो. एकदा माझी भाची नेटरनर होती. ती आणि खेळ चालवणारी मी पाऊण तास फासे टाकत बसलो. बाकीचे चौघे आधी मोबाइलमध्ये शिरले, मग वडापाव आणायला खाली गेले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, नियमच तसा होता.

२०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक रेड’ या त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीने नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यात नेटरनरला प्रवेशबिंदूपासून, म्हणजे नेटवर्कला जोडून घ्यायच्या जागेपासून, सहा मीटरच्या आत यावंच लागतं. या एका अटीने केवढा फरक पडतो! तिला तिथवर पोचवायला सोबती लागतात. ती संगणक यंत्रणेचे आभासी मजले उतरत असते तेव्हा बाहेर कुणीतरी जिना अडवून उभं असतं. तिच्या वाट्याला एका फेरीत कौशल्याच्या दर्जाप्रमाणे दोन ते पाच कृती, की लगेच पुढच्याची पाळी.

आम्ही त्यात घरची भर घातली. टेबलाच्या मधोमध स्टीलची वाटी ठेवतो. नेटरनरचा फासा कमी पडला की वाटीत एक चिंचोका. सहा झाले की पहारेकरी आले. गेल्या महिन्यात पाचवा चिंचोका टण्णकन वाजला आणि भाचीने विचारलं, “अजून एक फाइल उघडू का?” चौघे एकदम ओरडले, “नको!” त्या वेळी कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता.

लेखकाला एकच विनंती. पुढच्या वेळी नियम नुसता वाचून नव्हे, खेळवून बघा. सोबत घड्याळ ठेवा आणि एकाचा डाव चालू असताना बाकीचे किती मिनिटं रिकामे बसतात, तेही लिहा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली