धनुष्यासाठी फळी निवडताना

प्रिय सुहास,

पत्र वाचलं. धनुष्य करायचं ठरवलंस याचा आनंद झाला, आणि पहिल्याच ओळीत ‘यू कुठे मिळेल?’ असं विचारलंस ते वाचून हसूही आलं. यू म्हणजे जुन्या इंग्लिश धनुष्यांचं नावाजलेलं झाड खरं, पण त्याचं खूळ तूर्तास बाजूला ठेव. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यातून यूची शंभरावर धनुष्यं मिळाली, हे तू कुठेतरी वाचलं असणार. पण ज्या देशाची ती धनुष्यं, त्या इंग्लंडलाही यू पुरत नव्हतं. १४७२ मध्ये तिथे कायदाच झाला, की बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांनी मालाच्या ठरावीक मापामागे धनुष्याचे चार दांडके आणलेच पाहिजेत. राजाला लाकडासाठी कायदा करावा लागला, तिथे तू पहिल्याच धनुष्याला यू शोधत हिंडू नकोस.

यू मिळालं तरी ते खोड फाडून काढलेल्या फाळक्याच्या रूपात मिळतं, आणि ते काम निराळं. तिथे सालीखालचा थर जसाच्या तसा धनुष्याची पाठ होतो. (पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची.) झाडानं स्वतः घडवलेली ती पाठ. तिच्यातला एकही तंतू कापलेला नसतो. वखारीतल्या फळीची गोष्ट उलटी आहे. करवतीला तंतूंशी देणंघेणं नसतं, ती सरळ कापत जाते. त्यामुळे जिथे करवतीची रेघ आणि झाडाची रेघ योगायोगानं एकत्र आली आहे, अशी फळी आपल्याला हुडकावी लागते. बहुतेक ढिगांत ती नसते. एखाद्या ढिगात एक असते, आणि तीही तळाशी.

म्हणून ‘कुठलं लाकूड?’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर जरा त्रासदायक आहे: जातीची काळजी नंतर कर. सरळ रेषांचा साधा ओक तिरक्या रेषांच्या उत्तम हिकरीपेक्षा (हे एक चिवट अमेरिकी लाकूड) शंभर पटीनं बरा.

रेषा कशा बघायच्या ते नीट सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. फळी उचलून आधी टोकाचा छेद बघ. वर्षवलयं तिथे आडवी पडलेली, उभी किंवा तिरपी दिसतील. या तिन्ही प्रकारांतून धनुष्यं झाली आहेत, त्यामुळे त्यावर भांडत बसू नकोस. मात्र वलयं आडवी असली की फळीच्या रुंद बाजूवर कमानीसारख्या, एकात एक बसलेल्या आकृत्या दिसतात. प्रत्येक कमान म्हणजे एक वलय पृष्ठभागातून बाहेर पडल्याची खूण. टेबलावर त्या छान दिसतात, धनुष्याच्या पाठीवर नकोत. वलयं तिरपी असतील तर रुंद बाजू आणि कड दोन्हींवर रेषा स्पष्ट उमटतात. नवख्यानं पारखायला हीच फळी सगळ्यात सोपी.

मग रुंद बाजूवरची एक रेषा बोटानं धर आणि फळीच्या शेवटापर्यंत चालत जा. ती कडेतून बाहेर पडली का? कुठे? कडेवरही तसंच कर. रेषेचा तिरकेपणा मोजायला फार गणित लागत नाही. फळी दीड इंच रुंद असेल आणि रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीस इंचांत पोचत असेल, तर उतार विसास एक झाला. पंधरा इंचांतच पोचली तर दहास एक. तपासलेल्या आकड्यांप्रमाणे विसास एक उतार असेल तर लाकडाची वाकताना न तुटण्याची ताकद सरळ रेषांच्या लाकडाच्या सुमारे ९३ टक्के राहते, दहास एकला ८१, आणि पाचास एकला जेमतेम ५५. तू म्हणशील, ९३ काय वाईट? टेबलाच्या पायाला मुळीच नाही. पण पूर्ण ओढलेलं धनुष्य लाकडाच्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करतं, तिथे सात टक्क्यांची चैन परवडत नाही. शिवाय बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग, रंधून अर्ध्या इंचावर आलास की जाडीतली तीच विसास एकची रेषा दर दहा इंचांवर पाठीतून पोटात उतरते. फाटायला तिथे वाटच तयार असते. माझा स्वतःचा नियम कडक आहे: पूर्ण लांबीत रेषा एकदा बाहेर गेली तर चालवून घेईन, तीही टोकाजवळ किंवा मुठीत, जिथे धनुष्य फारसं वाकत नाही.

यात एक चकवा आहे. वलयांच्या रेषा सरळ दिसतात आणि आतले तंतू मात्र पीळ घेत गेलेले असतात, कारण काही झाडं वाढतानाच पीळ घेतात. तेव्हा नुसत्या वलयांवर विसंबू नकोस. ओक किंवा ॲशच्या पृष्ठभागावर बारीक गडद चिरांसारखी छिद्रं दिसतात, त्यांची दिशा बघ. वाळताना पडलेली केसाएवढी भेग असेल तर ती अजून चांगली साक्षीदार; भेग नेहमी तंतूंच्या वाटेनंच जाते. त्याच फळीचा टाकाऊ तुकडा मिळाला तर पटाशीनं फोड. फाळका सरळ निघाला की शंका मिटली.

आणि तुझी सवय मला ठाऊक आहे म्हणून आधीच सांगतो: लाटा-लाटांचा, चमचम करणारा मेपल दिसला की तुझा हात आपोआप जाईल. ती चमक तंतू नागमोडी असल्यामुळेच येते. तो घे आणि त्याची पेटी कर.

आता जातींकडे. तांबडा ओक सगळ्यात सहज मिळतो आणि पहिल्या धनुष्याला पुरेसा आहे. तांबडा की पांढरा अशी शंका आली तर छोट्या तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकून बघ; तांबड्या ओकमधून हवा पलीकडे जाते, पांढऱ्याची छिद्रं आतून बुजलेली असतात. हिकरी ताण सहन करण्यात फार चिवट, चुका पोटात घालणारी. पण तिला कोरडं राहायला आवडतं, दमट हवेत ती चटकन कायमचा बाक धरते. ॲश या दोघांच्या मधली. ओळखीच्या धामण झाडाचं लाकूड मिळालं तर त्यालाही नाही म्हणू नकोस. एरवी शंका आली तर कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांना लोक काय वापरतात ते बघावं. जे लाकूड धक्के खाऊन तुटत नाही, ते बहुधा वाकायलाही तयार असतं. पाइन, पॉप्लर यांकडे पहिल्या वेळी बघूच नकोस.

ओक, ॲश, हिकरी घेताना वलयांची रुंदीही बघ. या झाडांत प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला छिद्रंच छिद्रं असलेला पोकळ थर येतो, नंतर घट्ट लाकूड. झाड सावकाश वाढलं असेल तर वलयं दाट असतात आणि फळीत पोकळ थरांचाच भरणा होतो. म्हणजे इथे रुंद वलयं बरी. दाट वलयं म्हणजे मजबूत लाकूड असं अनेक जण ठामपणे सांगतात. या जातींत ते उलट आहे. मेपलला हा हिशोब लागू नाही, त्याची छिद्रं वर्षभर सारखीच विखुरलेली असतात.

यावर सोपा उपाय म्हणजे वजन. एकाच मापाच्या दोन सरळ फळ्या हाती आल्या तर जड ती उचल. सहा फूट लांब, ३८ मिलीमीटर रुंद आणि १९ मिलीमीटर जाड अशी वाळलेली तांबड्या ओकची फळी साधारण ९०० ग्रॅम भरते. फारच हलकी लागली तर ठेवून दे. फारच जड लागली तर ती ओली असू शकते.

ओलाव्याचं एवढंच लक्षात ठेव: धनुष्याला आठ ते दहा टक्के ओलावा मानवतो. फर्निचरसाठी भट्टीत वाळवलेलं लाकूड साधारण त्याच्या आसपास किंवा थोडं कोरडंच असतं, बांधकामाचं बरंच ओलं असू शकतं. आणल्यावर फळी घरात सावलीत आडवी ठेव आणि अधूनमधून वजन करत जा. वजन हलायचं थांबलं की लाकूड त्या हवेशी जुळलं. जुळलं म्हणजे मनाजोगतं वाळलं असं मात्र नाही: हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर ओलावा नऊवर स्थिरावतो, ऐंशीला सोळाच्या आसपास. पावसाळ्यात धनुष्यं मऊ पडतात ती यामुळेच.

माप विचारलं होतंस. वाकणारा भाग ओढीच्या (दोरी पूर्ण ओढल्यावर मुठीपासून तिच्यापर्यंतच्या अंतराच्या) निदान दुप्पट असावा, त्यात मूठ मिळव. तुझी ओढ २८ इंच धरली तर ५६ अधिक मुठीचे आठ, म्हणजे ६४. दोन-चार इंच जास्तच ठेव. बहात्तर इंची फळीत हे आरामात बसतं. जाडीपेक्षा रुंदीला महत्त्व दे. रुंदी दुप्पट केली की धनुष्य दुप्पट कडक होतं, जाडी दुप्पट केली की आठपट, आणि जाड लाकडावर ताणही जास्त येतो. म्हणून दीड ते दोन इंच रुंद, चपटे बाहू. १९३०च्या दशकात हिकमन आणि क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी मोजमाप करून चपट्या आयताकृती छेदाची बाजू मांडली. तसं पाहिलं तर डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डला मिळालेली सुमारे ९,००० वर्षं जुनी एल्मची धनुष्यंही रुंद बाहूंचीच आहेत. मुठीची जाडी वेगळा तुकडा चिकटवून मिळते, त्यासाठी जाड फळी शोधत बसू नकोस.

मिळेल कुठे? बांधकामाच्या मालात वेळ घालवू नकोस. फर्निचरचं कठीण लाकूड विकणारी वखार, फर्निचर करणाऱ्यांकडे उरलेल्या लांब पट्ट्या, फरशीच्या आणि जिन्याच्या कठड्याच्या फळ्या, ही खरी ठिकाणं. ‘उच्च प्रतीचा माल’ या शब्दांनी भुलू नकोस. प्रत ठरवताना गाठी-डाग नसलेला भाग किती हे पाहतात, रेषांचा तिरकेपणा पाहत नाहीत. नावांनाही भुलू नकोस, बाजारात एकाच नावाखाली चार झाडांचं लाकूड खपतं.

एक युक्ती मात्र सोडू नकोस. अरुंद पट्ट्यांमध्ये सरळ रेषा सापडत नसतील तर रुंद फळी घे. रेषा फळीच्या कडेशी तिरक्या असल्या तरी एकमेकींना समांतर असतील, तर कडेकडे दुर्लक्ष करून रेषेवरच खुणेची दोरी मार आणि तिच्या बाजूनं काप. दोन बाजूंना पाचरीसारखे तुकडे वाया जातील, पण मधली पट्टी पहिल्या प्रतीची निघेल. जाडीतला तिरकेपणा मात्र असा काढता येत नाही, म्हणून कड आधी तपास.

नाकारायच्या फळ्या पटकन: बाहूत येणारी गाठ, टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा, खोडाचा अगदी मधोमधचा गाभा, बुरशीचे काळे-निळे पट्टे, रेषांना आडवी जाणारी बारीक चीर, पीळ पडलेली फळी. लांबीत हलकासा बाक असेल तर घाबरू नकोस, तो पाठीच्या दिशेनं वळवून उलट उपयोगाला येतो. आणि कडेची बारीक काडी काढून मोडून बघ. लांब, केसाळ तंतू सोडत तुटली तर लाकूड जिवंत आहे. खडूसारखी कट्‌कन तुटली तर कितीही सरळ असली तरी परत ठेव. ढीग उपसण्याआधी वखारवाल्याला विचार, आणि जाताना होता तसा रचून जा. पुढच्या वेळी तोच नवा माल आल्याचं सांगतो.

पाठीला कापड किंवा कच्चं कातडं चिकटवायचं का, हे विचारलंस. चिकटव. बारीक उणिवा त्यानं सांभाळल्या जातात आणि तुटलंच तर तुकडे उडत नाहीत. पण तिरक्या फळीला ते वाचवणार नाही, तेव्हा त्या भरवशावर खरेदी करू नकोस.

रिकाम्या हातानं परत यावं लागलं तर ये. फळी मिळाली की करवत लावण्याआधी मला तिचे फोटो पाठव: रुंद बाजू, कड आणि दोन्ही टोकं. सोबत वजन आणि मापंही लिही. टोकांचे फोटो उजेडात काढ, गेल्या वेळी पाठवलेल्या फोटोंत तुझा अंगठाच जास्त दिसत होता.

तुझा,
विनय