सोबत रंग पाठवतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई, तू विचारलंस, "आवाज का गं असा येतोय?" आणि मी "काही नाही, झोप झाली नाही" म्हणून विषय बदलला. झोप झाली नव्हती हे खरंच, पण ती एका रात्रीची गोष्ट नव्हती. तीन-चार महिने रोज पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि ऑफिसातली राहिलेली कामं छताला लटकलेली दिसायची. तेव्हाच सांगितलं असतं तर बाबा पुढच्या गाडीने येऊन दारात उभे राहिले असते. म्हणून आता, बरं वाटायला लागल्यावर लिहितेय. रागावू नका. डॉक्टरांना दाखवलंय, ते पहिलं केलं.

औषधाचा गुण आलाच. पण दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. मी चित्रं काढते. होय, जिच्या गाईला शाळेतल्या बाईंनी 'कुत्रा छान' असा शेरा दिला होता, तीच मी.

झालं असं, की एका रात्री कूस बदलून कंटाळले आणि भाची विसरून गेलेला रंगांचा डबा उघडला. काढायचं काय ते सुचेना, म्हणून नुसता कागद ओला केला आणि त्यावर निळ्याचा एक थेंब सोडला. तो पसरत गेला, कडेला फिकट झाला, मध्येच त्याला फाटे फुटले. मी बघत बसले. मग आणखी एक थेंब. घड्याळ पाहिलं तर पाऊण तास उलटला होता आणि तेवढ्या वेळात एकही ईमेल आठवला नव्हता. जलरंगाचं असंच असतं, कागद वाळायच्या आत जे करायचं ते करायचं. उद्याची काळजी करायला तो सवडच देत नाही.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून शोधून ठेवलाय. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कागदाचे तुकडे असं साहित्य देऊन हवं ते करू दिलं, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं. चित्रकलेचा आधी अनुभव होता की नव्हता, याने फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आता तुम्ही विचारणार, "आणि बाकीचे २५ टक्के?" त्यांच्यातल्या काहींचं चक्क वाढलं! मला नवल वाटत नाही. मध्यंतरी मी एका फोटोवरून हुबेहूब फुलदाणी काढायला बसले. तासाभराने दात आवळलेले, मान आखडलेली, आणि फुलदाणी ती वाकडीच. चित्र 'चांगलं' यायला हवं असं ठरवलं की तेही ऑफिसच होतं. तेव्हापासून मी कुणाला चित्र दाखवत नाही. तुम्हीही फॅमिली ग्रुपवर टाकू नका, कौतुकाचे अंगठे मोजत बसाल.

आई, 'माझा हात थरथरतो, मला कुठली रेघ जमणार' हे तू म्हणणारच. ओल्या कागदावर रेघ लागतच नाही, थरथरलेला हातही तिथे चालतो. आणि ब्रश नकोच वाटला तर कात्री घे. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातीसला इझलपुढे उभं राहणं जमेना, तेव्हा त्याने रंगवलेले कागद कातरून चित्रं केली, कधी खुर्चीत बसून, कधी अंथरुणातूनच.

बाबांसाठी माझ्याकडे टागोर आहेत. साठी उलटल्यावर ते चित्रांकडे वळले, आणि सुरुवात कुठून, तर हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून. खोडलेले शब्द जोडत जोडत त्यांचे पक्षी, प्राणी, चेहरे व्हायचे. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. बाबा, तुमच्या बीपीच्या वहीत चुकलेले आकडे तुम्ही ज्या जोराने गिरवून काळे करता, ते बघून मला नेहमी वाटतं, तुमचीही सुरुवात झालेलीच आहे.

पार्सलमध्ये १२ रंगांच्या वड्यांचा डबा, दोन गोल ब्रश, चिकटपट्टी आणि ३०० जीएसएमच्या कागदाचं पॅड आहे. पातळ कागद पाण्याने फुगतो, म्हणून हा जाड घेतला. पॅडमधला एक कागद काढून पाटावर ठेवा आणि चारी कडांना पट्टी लावा. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं. फिका रंग आधी, गडद मागून, कारण पांढरं ते कागदाचंच राखायचं असतं. वाळल्यावर रंग उतरतो, तेव्हा पहिल्यांदा जरा भडक वाटला तरी घाबरू नका. काळ्याला शक्यतो हात लावू नका, निळ्यात तपकिरी मिसळलात तर त्याहून छान करडा मिळतो. बाबा, आधी-नंतर बीपी मोजायचं तर खुशाल मोजा, पण गोळी चुकवायची नाही.

आई, एक काम तुझ्याकडे. "एवढा चांगला कागद, वाया कशाला घालवायचा" म्हणत बाबा ते पॅड कपाटात ठेवतील. म्हणून वरच्या कागदावर मीच मोठा निळा डाग पाडून पाठवलाय. पॅड आता कोरं नाही, हे त्यांना दाखव.

तुमची,
धाकटी