अण्णा, ल्हासाची गाडी आणि तू

शांघाय, रविवार

प्रिय नंद्या,

बीपी गोळीवर आहे, गुडघा चालतोय. लिहायला कारण अण्णा. ताईला सांगितलं तर ती उद्याच डॉक्टरांची रांग लावेल. हिला सांगितलं तर ही रडेल. म्हणून तुला.

अण्णांना तिबेटमधल्या ल्हासाला जाणारी गाडी दाखवून आणली. हट्ट त्यांचाच. परमिट, गाइड, सगळं रीतसर केलं. गाडीत तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. हृदयविकार आहे का, या रकान्यावर म्हणाले, "घाटात इंजिन चालवलंय म्हणून लिही, त्यांना कळेल." म्हणजे आपले नेहमीचे अण्णा. आता पुढचं ऐक.

पहाटे गोलमुड स्टेशन सोडलं, डिझेल इंजिनं जोरात ओढायला लागली आणि हे मला म्हणतात, "नंद्या, मागून ढकलायला बँकर इंजिन लावलं का रे?" मी हसलो. त्यांची थट्टा कुठे संपते हे कुणाला कधी कळलंय? तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, नवरामुलगा फायरमन आहे म्हणून. पण त्यानंतर दिवसभर मी नंद्याच. चहा दे नंद्या, चष्मा बघ नंद्या.

डोकं मात्र असं तल्लख की काय सांगू. तिथे साडेपाचशे किलोमीटर रूळ कायम गोठलेल्या जमिनीवरून जातात. ती वितळली तर रूळ खचणार. म्हणून रुळांच्या कडेने लोखंडी नळ्या रोवल्यात, आत अमोनिया. हिवाळ्यात खालच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन वर येते, वरच्या थंडीने पुन्हा द्रव होऊन परत खाली, आणि जमिनीतली ऊब बाहेर पडते. पंप नाही, वीज नाही. गाइड अडखळला, अण्णांनी मला नीट समजावलं. चढ वन इन फिफ्टी, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर, आहे म्हटल्यावर तर तुच्छतेने बघितलं. "बोरघाट वन इन थर्टीसेव्हन! यांना म्हणावं या कर्जतला." मी म्हटलं, अण्णा, ही तांगगुला खिंड ५०७२ मीटरवर आहे, जगात याहून उंच रूळ नाहीत. तर म्हणे, "उंचीचं काय, विमानही उंच जातं."

मग विचारलं, "तुझे वडील सुटले का ड्यूटीवरून?"

नंद्या, तुझे वडील जाऊन किती वर्षं झाली! मी नाकाला लावायची ऑक्सिजनची नळी त्यांना लावली. डब्यात सोडतात तो प्राणवायू वेगळा, ही प्रत्येकाच्या जागेपाशी असते. बाहेर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला. अशा ठिकाणी तरण्याताठ्याचंही डोकं गरगरतं, बोलणं बरळल्यासारखं होतं. तेव्हा हेच कारण मी घट्ट धरून ठेवलं. ल्हासाही ३६५० मीटरवर, म्हणून तिथेही तेच चालवून घेतलं.

पण परवा इथे, शांघायमध्ये, समुद्रसपाटीला, स्वयंपाकघरातून हाक आली: "नंद्या, गॅस बंद कर."

आता उंचीला दोष कसा देऊ?

हसशील, पण आधी मला रागच आला. लहानपणी इंजिनात कायम तुला चढवायचे आणि मला म्हणायचे, तू पाढे म्हण. त्यावरून आपली मारामारी झाली होती, आठवतंय? शर्ट तू फाडलास आणि मार मी खाल्ला. आताही चूक व्हायची तर तुझ्याच नावाने! तुझी आई सुरुवातीला अशीच करायची का? नावं आधी गेली की रस्ते? तू तेव्हा सांगत होतास आणि मी फोनवर नुसतं 'हो हो' करत होतो.

दुकानाचं भाडं मिटलं का? स्मिताची बदली? चिनूचे मार्क कळव.

अण्णा येत्या आठवड्यात बदलापूरला परततायत. तू सहज म्हणून जा. औषधं, डॉक्टर काही काढू नकोस, वास लगेच लागतो त्यांना. घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायच्या कॅच सायडिंगचं विचार, ते तासभर बोलतील, बोलू दे. मग मध्येच माझा विषय काढ, आणि मी कुठे असतो, काय करतो ते विचार. काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. गोड करून लिहिलंस तर मला कळेल, तुला खोटं लिहिता येत नाही.

तुझा,
बाळ्या