लालबागच्या काकूंना, म्युनिकहून

ती. काकूंस साष्टांग नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. परदेशात एकटीने आजारी लेकरू सांभाळणाऱ्या आयांनीही ते वाचावं, असं फार वाटतं.

जानेवारीतली रात्र, बाळ दहा महिन्यांचं. दुपारीच डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं: आरएसव्ही आहे, श्वसनमार्गाचा विषाणूचा आजार, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. नाक मोकळं ठेवा, थोडं थोडं पाजत राहा, त्रास वाढला तर लगेच हॉस्पिटलमध्ये न्या. पण त्रास वाढला हे ओळखायचं कशावरून? नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, माझं जर्मन दुकानात सामान घेण्यापुरतं. इथे साडेदहा, म्हणजे लालबागला पहाटेचे तीन. आईला फोन लावला आणि तिने तुमची कडी वाजवली.

परळला मुलांच्या वॉर्डात तुमची उभी हयात गेली, ते त्या रात्री कळलं. 'घाबरू नकोस' असं एकदाही म्हणाला नाहीत. "मोठा दिवा लाव. झबलं वर कर. फोन हलवू नकोस. आता रडत नाहीये ना? मग पूर्ण एक मिनिट श्वास मोज." दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त झाले, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त झाले, की धोका समजायचा. आपल्याकडच्या आशाताई दारोदार हेच मोजतात. माझे आकडे साठाच्या वर गेले.

"पोट उडतंय बघ. बरगड्यांखाली छाती आत ओढली जातेय. डायपर शेवटचा ओला कधी झाला?"

दुपारनंतर नाहीच.

"मग माझ्याशी बोलत बसू नकोस. ॲम्ब्युलन्स बोलाव. वय, मिनिटाचे श्वास, लघवी कधीपासून नाही, एवढंच सांग."

112 लावला. आकडे मला जर्मनमध्ये येत होते, काकू. तेवढ्यावर माणसं दारात आली. हॉस्पिटलमध्ये प्राणवायू लावला, नाकातल्या नळीने दूध दिलं. या आजाराला दुसरं औषध नाही. बाळाला श्वास आणि दूध पुरवत राहायचं, बाकीचं त्याचं शरीर करतं.

इकडे नातेवाइकांचे मेसेज येत होते, 'तिकडचे डॉक्टर औषधच देत नाहीत, सरळ मुंबईला घेऊन ये.' तुम्ही मात्र म्हणालात, "त्यांनी बरोबर सांगितलंय, त्यांचंच ऐक." माझा इथल्या डॉक्टरांवरचा विश्वास तुम्ही टिकवलात. याचं मोल मला सगळ्यात जास्त आहे. आणि आईलाही तुम्हीच सांभाळलंत. घरी आल्यावर बाळाला वेखंडाची धुरी द्यावी, मध चाटवावा, कापूर लावावा, असं तिच्या मनात होतं. वर्षाच्या आत मध नाही, धूर नाही, कापूर तर मुळीच नाही, हे तिला न दुखावता सांगणं तुम्हालाच जमलं. चहा करून दिलात, सकाळपर्यंत तिच्याशेजारी बसलात.

मे महिन्यात आम्ही येतोय. काही आणू नकोस म्हणालात, तरी एक घड्याळ आणतेय, ठळक सेकंदकाट्याचं. तुमचं जुनं बंद पडलंय म्हणे.

तुमची,
शेजारच्या खोलीतली लेक