वेगळं पातेलं मांडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सकाळी पेपर उघडला, तर आतून एक गुलाबी पत्रक खाली पडलं. 'महिन्यात 10 किलो वजन कमी, पथ्य नको, व्यायाम नको.' असली पत्रकं पेपर टाकणाऱ्या पोराच्या हातात कुणीही देतं, त्यात तुमचा दोष नाही हे मला कळतं. पण असंच एक पत्रक वाचून तीन वर्षांपूर्वी मी साडेसहा हजार रुपये घालवले होते. तेच पत्रक आता माझ्या गल्लीतल्या आणखी चार घरांत पडलं असेल, म्हणून लिहायला बसले.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवते. 24 वर्षं झाली. मापाच्या जुन्या वह्या मी टाकत नाही, आणि गल्लीतल्या बायकांचं वजन कसं वाढत गेलं ते मला काटा नसतानाही सांगता येतं. नवी सून म्हणून आलेली मुलगी 28 कमरेचं माप देते. पहिल्या बाळंतपणानंतर 32, दुसऱ्यानंतर 35, आणि मग दर दोन वर्षांनी इंच-अर्धा इंच. मापं खोडून खोडून तिचं पान काळं होतं. पूर्वी मी शिवणीत इंचभर मार्जिन सोडायची, आता दीड इंच सोडते. कारण दिवाळीत शिवलेला ब्लाऊज आषाढात मंगाईच्या यात्रेला 'दंडात काचतोय गे, जरा सैल करून दे' म्हणून परत येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांत 24 जणींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त भरलं. हा आकडा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या मी स्वतःच्या कमरेला टेप लावला नव्हता. दीड वर्षापूर्वी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं, साखर 114 आली. 100 च्या आत हवी. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. गोळी नको. तीन महिने देते, वजन उतरवा." वय 47, उंची 5 फूट 1 इंच, वजन साडेशहात्तर किलो. घरी येऊन टेप लावला, कंबर 40 इंच. आपल्याकडच्या बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, म्हणजे साडेएकतीस इंच. पुरुषांची 90, म्हणजे साडेपस्तीस. इथे एक सांगते, कारण हे माझं रोजचं काम आहे: हे माप परकराची नाडी बांधतो तिथे घ्यायचं नसतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घ्यायचं. नाडीच्या जागी घेतलं तर माप चुकतं आणि आपलीच समजूत घातल्यासारखं होतं.

पत्रकातल्या पावडरचा प्रयोग मी त्याआधीच करून बसले होते. दोन वेळच्या जेवणाऐवजी ती पाण्यात ढवळून प्यायची. महिन्यात 4 किलो उतरलं. डबे संपले, पुन्हा जेवायला लागले, आणि दोन महिन्यांत 5 किलो चढलं. विकणाऱ्याला फोन केला तर त्याने आणखी दोन डबे घ्यायला सांगितले.

म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर घरचंच खाऊन उतरवायचं ठरवलं. पण तिथेही चुकलेच. घरच्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात उकडलेला दुधी, बिनतेलाची मुगाची डाळ. रोज दोनदा दोन स्वयंपाक. सगळे भाजी-भाकरी-भात वाढून घेताहेत आणि मी बाजूला बसून दुधी गिळते आहे. अकराव्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तू आजारी आहेस काय?" त्या रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात आमटी घालून मी उभ्यानेच खाल्ला. बाईने स्वतःसाठी वेगळं पातेलं मांडलं की ते पंधरा दिवस टिकत नाही, हे मी आता खात्रीने सांगते. ज्या मैत्रिणींशी बोलले, त्या सगळ्यांचं असंच झालं होतं.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता महिनाभर काही सोडू नका. फक्त लिहा." मापाच्या वहीत मागच्या बाजूने मी लिहायला लागले. काय खाल्लं, किती खाल्लं, बसून की उभ्याने. आठ दिवसांत कळलं की जेवणाच्या वेळी मी फार खातच नव्हते. दिवसात सहा चहा होत होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. 12 चमचे म्हणजे 60 ग्रॅम, 240 कॅलरी. पाऊण भाकरीएवढं पोटात जात होतं आणि पोटाला आधार काही नाही. आणि रोज रात्री उरलेलं. टाकायचं नाही, बाईने संपवायचं, ही सवय आपल्या हाडात आहे. मी मोजलं: रोज रात्री दोन वाट्या भात, कधी अर्धी भाकरी, मुलाच्या ताटात राहिलेले भजे. अन्न वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या अंगावर साठत होतं. उपाय सोपा निघाला. पाच माणसांना साडेतीन वाट्या तांदूळ टाकत होते, ते अडीच केले. कुणी उपाशी राहिलं नाही. उरणंच बंद झालं.

मग घराचंच माप घेतलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात ग्रॅममध्ये दिलं आहे: धान्य 250, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, शेंगदाण्यासारखं 35, तेल 27 आणि दूध किंवा दही 300 मिलिलिटर. मुलाने ते मोबाईलवर काढून दिलं. मी किराणा दुकानातून वजनकाटा उसना आणला आणि दोन दिवस सगळं तोललं. माझ्या हाताची एक भाकरी 90 ग्रॅम पिठाची. चार भाकऱ्या, दोन वेळचा भात, सकाळचे पोहे धरून धान्य 500 च्या आसपास. डाळ पाच माणसांच्या आमटीला एक वाटी, माणशी 30 ग्रॅम. भाजी अर्धा किलो पाच जणांत, माणशी 100. आणि तेलाचा पाच लिटरचा कॅन 26 दिवसांत संपायचा. हिशेब केला तर माणशी रोज 35 ग्रॅम. म्हणजे आमच्या घरात धान्य आणि तेल जास्त, आणि जे पोट भरून ठेवतं ते भाजी-कडधान्य कमी. हे एकटीच्या जेवणाचं नव्हतं. सासूबाईंपासून मुलापर्यंत सगळ्यांचं तेच.

त्या दिवशी रात्री घरात सांगितलं की आजपासून पातेलं एकच. सासूबाई 78 वर्षांच्या, माहेर खानापूरकडचं. त्या म्हणाल्या, "मग हुलग्याचं माडगं कर. आमच्याकडं न्याहारीला तेच असायचं." माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. मुलगा दोन दिवस कुरकुरला. नवऱ्याला भात हवाच, तो ठेवला, पण आधी भाजी आणि उसळ ताटात, मग भाकरी, शेवटी भात. भाकरीचा गोळाच 60 ग्रॅम पिठाचा केला. तेल कॅनमधून कढईत ओतणं बंद केलं, फोडणीला चमच्याने मोजून घालते. तळण फक्त रविवारी. आता तोच कॅन 38 दिवस जातो. शनिवारच्या बाजारात येळ्ळूर, कडोलीकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून मेथी, शेपू, राजगिरा, पाल्यासकट मुळा आणते. भात काढल्यावर आपल्याच शिवारात मसूर, वाटाणा, हरभरा होतो. बेळगावच्या माणसाला यासाठी परदेशातल्या बिया विकत घ्यायची काय गरज? भाजीचा खर्च महिन्याला नऊशे-हजार वाढला. तेल-साखरेचा थोडा कमी झाला.

उपवासाचंही सांगायला हवं. श्रावणात सोमवार, शनिवार, मधे संकष्टी. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी दोनदा, वर बटाट्याचा चिवडा. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच जातं. देवाचं मी काही मोडलं नाही. खिचडीऐवजी रताळं उकडून आणि ताक घेते. आपल्या तालुक्याइतकी रताळी कुठे पिकतात?

चालण्याबद्दल. सहा वर्षांपूर्वी माझ्या मशीनला मोटर बसवली. त्याआधी दिवसभर पायडल मारायची, पाय हलत तरी होते. मोटर आली आणि काम दुप्पट झालं, पण पाय थांबले. दहा-दहा तास एका जागी. पहिल्या दिवशी घरापासून नाथ पै सर्कलपर्यंत जाऊन परत आले, 12 मिनिटं, तर गुडघे धरले. मैत्रीण म्हणून शेजारच्या कन्नड अक्कांना बरोबर घेतलं. त्या कन्नडात बोलतात, मी मराठीत, आणि बोलता येतंय पण गाता येत नाही अशा वेगाने चालतो. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. आता आठवड्याचे पाच दिवस येळ्ळूर रोडला दोन्ही बाजूंच्या भातशेतांतून 40 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं म्हणते, ती भरतात. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात रस्त्यावर जमत नाही, तेव्हा गल्लीतल्या देवळाच्या मंडपात 40 फेऱ्या. आणि एक ब्लाऊज संपला की स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. मांड्यांत बळ आलं तसं गुडघे दुखायचे थांबले. पहाटे रस्त्यावर दिवे नसतात आणि कुत्री अंगावर येतात, त्यामुळे एकट्या बाईला निघायचं धाडस होत नाही. हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी ऐकावं.

किती उतरलं? 11 महिन्यांत साडेशहात्तरचे 68. कंबर 40 ची 36. उपाशीपोटी साखर 98. गणपती ते दसरा काटा जागचा हलला नाही, दिवाळीत सव्वा किलो वर गेला, आणि मी रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई करू नका, आणि 100 किलोच्या माणसाचे 5 ते 10 किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. साडेएकतीस इंचाला अजून पोहोचायचं आहे. नवऱ्याचा पट्टा दोन भोकं आत आला आहे, त्यांनी तर ठरवून काहीच केलं नव्हतं. पण ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. थायरॉइड किंवा बाळंतपण असेल तरी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता तुमच्याकडे एक मागणं. श्रावण, गणपती, दिवाळीला तुम्ही पाककृतींच्या पुरवण्या काढता. मी त्या कापून ठेवते, गल्लीतल्या बायका माझ्याकडे येऊन वाचतात. त्यांत 'तेल आवश्यकतेनुसार', 'साखर चवीनुसार' असं छापलेलं असतं. मी ब्लाऊज 'अंदाजाने' शिवला तर गिऱ्हाईक घेईल काय? प्रत्येक पाककृतीखाली एक ओळ घाला: किती माणसांसाठी, आणि माणशी तेल किती ग्रॅम, साखर किती ग्रॅम. पाककृती पाठवणाऱ्या बायकांनाच मोजून लिहायला सांगा; चमचा आणि वाटी प्रत्येकीच्या घरात आहे. यंदाच्या श्रावणापासून सुरू केलं, तर पहिल्या पुरवणीसाठी हुलग्याच्या माडग्याची कृती सासूबाईंकडून तोलून-मापून लिहून घेऊन मी पाठवते.

आपली,
एक शिलाईकाम करणारी वाचक,
शहापूर, बेळगाव