रमजानचं वेळापत्रक आधी छापा आणि कोल्हापूरचंच छापा

महोदय,

रमजानचा चाँद दिसला की वर्तमानपत्रांत खजुराचे भाव, इफ्तारच्या पदार्थांचे फोटो आणि सहरीच्या वेळा येऊ लागतात. तोवर तयारीचा महिना संपलेला असतो. इस्लामी वर्षातला आठवा महिना शाबान, हा तो तयारीचा महिना. रमजान सोडला तर पैगंबरसाहेब सर्वाधिक रोजे याच महिन्यात ठेवत, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत) आहे. शहरात मुलांना अरबी शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, ते पुढच्या खेपेस ही माहिती शबे-बारातच्या (शाबानच्या पंधराव्या रात्रीच्या) आठवड्यातच छापली जावी म्हणून.

पहिलं काम बाकी फेडण्याचं. आजारपणात, प्रवासात सुटलेले रोजे पुढचा रमजान लागण्याआधी भरून द्यायचे. बायकांना पाळीच्या दिवसांतली नमाज माफ आहे, रोजा माफ नाही. दर वर्षी पाच-सात रोजे असे राहतात, कुठं लिहून ठेवलेले नसतात आणि दोन-तीन वर्षांत आकडाच हरवतो. ते सलग ठेवायची गरज नाही. सोमवार-गुरुवार धरले तरी महिन्यात आठ होतात. घोळ होतो तो नियतमध्ये, म्हणजे रोजा ठेवण्याच्या मनातल्या संकल्पात. हनफी मसलकात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) रमजानच्या रोजाची नियत दुपारच्या आधीपर्यंत चालते, म्हणून लोक कजा (सुटलेल्या, मागाहून भरायच्या) रोजालाही तीच सवलत लावतात. कजाची नियत पहाट फुटण्याआधीच झालेली हवी, नाहीतर तो नफिल (ऐच्छिक) रोजा होतो आणि बाकी तशीच राहते. (कोकणातून इथं आलेल्या शाफई मसलकाच्या कुटुंबांना तर रमजानच्या प्रत्येक रोजाची नियत रात्रीच करावी लागते.) चाँदच्या आधीच्या एक-दोन दिवसांत मात्र स्वागताचे म्हणून नफिल रोजे ठेवू नयेत. ज्याची आधीपासूनची सवय आहे, त्याची गोष्ट वेगळी.

नमाजची बाकी असेल तर एका दिवसाचे 17 रकात (नमाजचे फेरे) फर्ज, म्हणजे अनिवार्य, आणि रात्रीच्या वित्र नमाजचे 3, असे 20 रकात होतात. प्रत्येक नमाजला जोडून एक कजा पढली की रोज एक दिवस फिटतो. शबे-बारातला रात्रभर नफिल पढून फजरला (पहाटेच्या नमाजला) गाढ झोपणारे कमी नाहीत. त्यापेक्षा इशा (रात्रीची नमाज) आणि फजर जमातीनं, सगळ्यांसोबत पढावी आणि मधल्या वेळात कजा फेडावी. मोटारसायकली पिटाळत शहरभर फिरणं हे तर त्या रात्रीचं कुठलंच काम नव्हे.

माणसांची बाकी याहून अवघड. नमाज-रोजातली कसूर अल्लाह माफ करील, पण दुसऱ्याचा हक्क ज्याचा त्यानंच सोडावा लागतो. उसने पैसे, अडवलेली मजुरी, भावाभावांतला अबोला हे शाबानात मिटवायचं. आमच्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्ष बहिणीच्या हिश्श्याकडे होतं. कुराणानं तिचा वाटा ठरवून दिला आहे. दडपण आणून लिहून घेतलेलं हक्कसोडपत्र कपाटात ठेवायचं आणि तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजला) पहिल्या सफमध्ये, रांगेत, उभं राहायचं, याला तयारी म्हणत नाहीत.

कुराणाचे पारे (भाग) 30, म्हणजे रमजानात रोज एक. पंधरा ओळींच्या छापाच्या कुराणात पाऱ्याची साधारण वीस पानं असतात, तेव्हा पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की झालं. हिशेब सोपा, पण एरवी कुराण न उघडणाऱ्याची जीभ वळत नाही. पाचव्या दिवशी तो तिसऱ्या पाऱ्यात अडकतो आणि मग नुसती धाव सुरू होते. शाबानात रोज चार-पाच पानं, तीही कुणाला तरी ऐकवत, वाचावीत. अरबी अक्षरांचे उच्चार इथंच सुधारतात: मोठा काफ जिभेच्या मुळापासून, छोटा जरा पुढून, ऐनचा अलिफ होऊ द्यायचा नाही. सोबत रोज एक पान मराठी अर्थाचं. कुराण मराठीत यावं म्हणून शाहू महाराजांनी ज्या शहरात प्रयत्न केले, तिथं तरी अर्थ न कळता महिना जाऊ नये.

तरावीहबद्दलही एक गैरसमज आहे. पाच किंवा दहा दिवसांत कुराण खतम (पूर्ण पढून संपवणं) करणाऱ्या जमातीत सामील व्हायचं आणि पुढं ईदपर्यंत सुट्टी, असं चालतं. खतम ही एक सुन्नत (पैगंबरांची रीत) आणि महिनाभराची तरावीह ही दुसरी. वीस रकात उभं राहायची सवय नसेल तर शाबानात इशानंतर दोन, मग चार रकात वाढवत न्यावेत.

चहा-तंबाखूचा विषय इथं किरकोळ वाटेल, तसा तो नाही. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, चिडचिड होते, घरात आणि कामावर भांडणं होतात. ती उपाशी पोटापेक्षा तुटलेल्या सवयीची असतात. आणि खोटं बोलणं, खोटं वागणं ज्यानं सोडलं नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस आहे. दिवसाला सहा कप चहा असेल तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करावा. पंधरवड्यात दोनवर येतो. मावा आणि मिश्रीही तशीच हळूहळू सोडावी. साखरेचा आजार असणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून याच महिन्यात बदलून घ्याव्यात.

जकातीचं, म्हणजे वर्षाकाठी मालमत्तेतून द्यायच्या अनिवार्य दानाचं, एकच सांगतो. बरेच व्यापारी 31 मार्चचा हिशेब धरतात. जकातीचं वर्ष चांद्र, 354 दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवस मागं पडत 33 वर्षांत एक अख्खी जकात बुडते.

आता वेळापत्रक. कोल्हापूर सुमारे 74.2 रेखांशावर, मुंबई 72.9 वर, सोलापूर 75.9 वर. पूर्वेकडे एका अंशाला सूर्य चार मिनिटं आधी उगवतो-मावळतो. मुंबईच्या वेळेनं सहरी (रोजाआधीचं पहाटेचं जेवण) केली तर इथली पहाट फुटून पाचएक मिनिटं झाली तरी घास सुरूच असतो. सोलापूरच्या वेळेनं रोजा सोडला तर सूर्य मावळायला सातएक मिनिटं बाकी असतात. ऋतूप्रमाणे हा फरक थोडा कमी-जास्त होतो. मोबाईलवर फिरणाऱ्या तक्त्यांवर बहुधा शहराचं नावच नसतं. त्यात फजरची अजान संपेपर्यंत पाणी प्यायलं तरी चालतं, हा समज घरोघरी आहे. अजान वेळ संपल्यावरच होते. तेव्हा आपण तक्ता छापाल तेव्हा वर 'कोल्हापूर' असं ठळक अक्षरांत लिहावं, स्थानिक उलेमांकडून (धर्मपंडितांकडून) तो तपासून घ्यावा आणि चाँदच्या निदान आठवडाभर आधी द्यावा, ही विनंती.

आपले,
मुलांना अरबी शिकवणारे काही वाचक, कोल्हापूर