चार वाजताच्या गोडाबद्दल

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल जेवताना बाबांनी तुझा रिपोर्ट वाचून दाखवला आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, तिचा ६.१ टक्के हा आकडा ऐकून मी पानावरून उठले. हा अजून मधुमेह नव्हे, असे तू खाली लिहिले आहेस आणि ते खरेच आहे, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा मानतात आणि तिथून मागे फिरता येते. कोणी मागे न लागता तू स्वतः जाऊन रक्त तपासून घेतलेस, याचे मला फार कौतुक वाटले. म्हणून या पत्रात आबांचा विषय काढायचा नाही, असे ठरवून लिहायला बसले आहे.

दुपारी चार वाजले की गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही, मनावर ताबा नाही, असे तू म्हणतोस. मला ते पटत नाही. हिंजवडीची बस चुकू नये म्हणून तू चहा आणि दोन खारींवर घर सोडतोस. मैद्याने रक्तातली साखर भराभर चढते आणि पुढे तितकीच भराभर उतरते. त्यात रात्री दीडपर्यंत जागरण. झोप कमी पडली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते. अशा शरीराने गोड मागितले, तर त्यात तुझ्या मनाचा काय दोष? तेव्हा आधी झोप आणि सकाळ सांभाळ. मुगाचे घावन किंवा दोन अंडी खाऊन निघ आणि चारच्या सुमारास फुटाणे-शेंगदाणे आणि ताक घे. तरीही तल्लफ आलीच, तर दोन जिने चढून-उतरून ये. पुष्कळदा तेवढ्यात ती ओसरते. अमृततुल्यमध्ये साखर चहाबरोबरच उकळलेली असते, त्यामुळे तिथे ‘कमी गोड’ मागून उपयोग नाही. वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी आणि जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. तुझ्या थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच त्याहून जास्त साखर असते. गुळाचा चहा आणि फळांचा रस हेही याच हिशेबात धर.

हे व्याख्यान झाले, रागावू नकोस. पण आबांना वेळेवर कोणी एवढेसुद्धा सांगितले नव्हते. मंडईतून ते चालत घरी आले, मी त्यांची चप्पल उचलून ठेवायला गेले, तर आतला पट्टा रक्ताने ओला आणि मधोमध बारीक खिळा वर आलेला. “काय झाले, सूनबाई?” असे ते मलाच विचारत होते, कारण मधुमेहाने तळव्यातली जाणीवच गेली होती. पुढे ती जखम भरेना. मी पट्टी बदलायचे तेव्हा तू गॉजचा डबा धरून शेजारी बसायचास आणि एकदाही तोंड फिरवले नाहीस. वत्सलाआत्या मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. असो. काढणार नाही म्हटले आणि काढलाच तो विषय.

गोड मुळीच खाऊ नकोस, असे मी म्हणत नाही. चितळ्यांची आंबा बर्फी जेवणाच्या शेवटी एक वडी खा, रिकाम्या पोटी चार नकोत, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चाल. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. चार दिवसांत काही होत नाही म्हणून निराश होऊ नकोस. एचबीए१सीमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतात आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत फरक दिसायला तीन महिने लागतात.

गणपतीला दोन दिवस रजा काढून ये. उकडीचे मोदक होतीलच. पोटभर वरण-भात, भाजी खाऊन मग दोन घे, कोणी आग्रह केला तर मी बघते. रात्री सगळे सारसबागेपर्यंत चालत जाऊ. आणि अंगठ्याला लागणारे ते काळे बूट घालून येऊ नकोस. पायाला फोड वगैरे आला असेल, तर फोनवर आजच सांग.

तुझी,
आई